छोट्या रँचासाठीं गाडी कोणती?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें एखादें तरी माणूस आज परदेशीं असतें. अशा माणसाचें पत्र आलें (तें आतां टपालानें येत नाहीं, एवढाच फरक!) म्हणजे त्यांत नोकरी, हवापाणी आणि मुलांचा अभ्यास ह्यांपलीकडे फारसें कांहीं नसतें. परंतु आमच्या एका पुतण्यानें अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत चाळीस एकर जमीन घेतली, आणि तेव्हांपासून त्याच्या पत्रांतून शेळ्या, कुंपणें आणि पाण्याचे हौद ह्यांचीच वार्ता येऊं लागली. पुढें एके दिवशीं त्यानें घरांतील वडील मंडळींस सवाल टाकला, "काका, रँचावरच्या कामाला गाडी घ्यावयाची आहे. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरेंच सांगतो. आपलें मत काय?"

आम्हांस प्रथम हसूं आलें. ज्या घरांत तीन पिढ्यांत कोणीं बैलजोडीसुद्धां विकत घेतली नाहीं, त्या घरानें अमेरिकेंतील रानांतल्या गाडीविषयीं मत द्यावें तरी कोणत्या आधारावर? परंतु त्याच वर्षीं आमचा तिकडे जाण्याचा योग आला. दोन महिने त्या जमिनीवर राहणें झालें, जाणत्यांस पुसणें झालें, आणि एक प्रसंग तर असा घडला कीं, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं हें आम्हांस पुरतें कळून चुकलें. आमच्यासारखीं इतरही घरें असतील, म्हणून जें समजलें तें येथें मांडीत आहों.

रँच आणि त्यावरचें काम

'रँच' हा मूळ स्पॅनिश शब्द 'रांचो' ह्यापासून झालेला. गुरें, मेंढ्या, शेळ्या किंवा घोडे ज्या मोकळ्या जमिनीवर चारून वाढवितात ती जमीन म्हणजे रँच. मोठे रँच हजारों एकरांचे असतात; तेथील गोष्ट निराळी. आमच्या पुतण्याची जमीन ऑस्टिन शहराच्या पश्चिमेस, ज्याला 'हिल कंट्री' म्हणतात त्या डोंगराळ मुलुखांत आहे. खालीं चुनखडीचा खडक, वर बोटभर माती, मधूनमधून ओक आणि सीडरचीं झाडें, फड्या निवडुंग, आणि उन्हाळ्यांत पारा ३८ अंशांवर सहज चढणारा. अशा जमिनीवर पीक काढण्यापेक्षां शेळ्या राखणेंच शहाणपणाचें. त्यांतून १९७८ सालच्या घटनादुरुस्तीनंतर टेक्ससमध्यें शेतीकडे खरोखर लावलेल्या जमिनीची करआकारणी बाजारभावावर न होतां तिच्या उत्पन्नक्षमतेवर होऊं शकते. म्हणून नोकरी करूनही चार शेळ्या पाळणारीं सुशिक्षित कुटुंबें तिकडे बरींच आढळतात.

चाळीस एकरांचा तुकडा चौरस असेल तर त्याची एक बाजू पाव मैल, आणि सारें कुंपण एक मैल भरतें. "मैलभर चालावयाला गाडी कशाला हवी?" असा प्रश्न आमच्या वडील बंधूंनीं इकडूनच विचारला होता, आणि तो वाजवी होता. चालण्यासाठीं गाडी नकोच. परंतु कुंपणाचा एक लोखंडी खांब साडेतीन किलोंच्या घरांत असतो; असे वीस खांब, काटेरी तारेचें भेंडोळें, हातोडा आणि पकड घेऊन दगडधोंड्यांतून भर उन्हांत कोण चालणार? शेळ्यांच्या खाद्याचें एक पोतें पन्नास पौंडांचें, म्हणजे सुमारे २३ किलोंचें. आजारी शेळी खांद्यावर आणावयाची तर ती त्याहूनही जड. तात्पर्य, गाडी लागते ती माणसासाठीं नव्हे, ओझ्यासाठीं. हा भेद मनांत नीट ठसला म्हणजे निवडीचें अर्धें काम झालें असें समजावें.

ह्या गाड्या आल्या कोठून?

शंभर वर्षांपूर्वीं हें काम घोडा आणि खेंचर करीत. महायुद्धानंतर जीप आली, ट्रॅक्टर तर होताच. १९७० सालीं होंडा कंपनीनें फुगीर, मऊ टायरांची एक तीनचाकी अमेरिकेंत विकावयास काढली. ती वाळूंत, चिखलांत आणि बर्फांत रुतत नसे, म्हणून प्रथम मौजेसाठीं आणि मग शेतकामासाठीं लोक ती घेऊं लागले. परंतु पुढें एकच चाक असल्यामुळें ती वळणावर कलंडे. अपघात फार वाढले, आणि १९८८ सालीं सरकारशीं झालेल्या करारान्वयें कंपन्यांनीं नव्या तीनचाकी विकणें थांबविलें. २००८ च्या कायद्यानें ती बंदी पक्की झाली. तत्पूर्वींच, १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, चारचाकी बाजारांत आली होती. हीच आजची 'ए. टी. व्ही.' किंवा 'क्वाड'. मोटारसायकलीप्रमाणें पाय दोहों बाजूंस टाकून बसावयाचें, हातांत दांडा, अंगठ्याखालीं वेगाची कळ, आणि पुढें-मागें सामान बांधण्यासाठीं लोखंडी जाळ्या.

१९८८ सालीं कावासाकी कंपनीनें 'म्यूल' (खेंचर!) ह्या नांवाची निराळ्या धर्तीची गाडी अमेरिकेंत आणली. तींत मोटारीप्रमाणें शेजारीं शेजारीं बसावयाचें, गोल चक्रानें वळवावयाचें आणि मागें हौदा. ह्या जातीला 'साइड-बाय-साइड' म्हणतात. आपल्या मुंबईशीं संबंध असलेली एक गाडीही ह्या वर्गांत आहे. १९४७ सालीं विलीज जीप येथें जोडण्यास आरंभ करणाऱ्या महिंद्र कंपनीनें त्याच जीपच्या वळणाची 'रॉक्सर' नामक गाडी २०१८ सालीं अमेरिकेंत केवळ रानांतल्या उपयोगासाठीं काढली. ती पाहून आमच्या पुतण्याला माहेर भेटल्यासारखें झालें, हें सांगावयास नकोच!

कामाची वही

दुकानदारानें पुतण्यास जी गाडी सुचविली ती हजार सी. सी.ची होती. "शक्ति जास्त असलेली बरी," हा त्याचा युक्तिवाद. आम्हीं पुतण्यास म्हटलें, "बाबा रे, आधीं चौदा दिवस वही ठेव. रोज कोणतें काम निघालें, किती जण गेलां, किती वजन नेलें आणि वाट कशी होती, एवढेंच लिही." ही आमच्या आजीची रीत. घरांत नवें भांडें घ्यावयाचें तर ती महिनाभर पाही, कोणतें भांडें खरोखर चुलीवर चढतें आणि कोणतें फळीवर धूळ खातें.

वही भरली तेव्हां असें दिसलें : चौदा दिवसांत बावीस फेऱ्या. त्यांपैकीं तेरा फेऱ्यांत पुतण्या आणि सूनबाई दोघेंही बरोबर होतीं, कारण तार ओढावयास आणि शेळी धरावयास दोन माणसें लागतातच. सतरा फेऱ्यांत ओझें होतें. आठ फेऱ्यांत तें पन्नास किलोंवर होतें. सीडरच्या गर्दींतून अरुंद पायवाटेनें जाण्याचा प्रसंग केवळ तीनदां आला. आणि वेग? एकाही फेरीस घाई नव्हती. हजार सी. सी.च्या गाडीची मातब्बरी ह्या वहीपुढें आपोआप ओसरली. रँचावरचें काम ताशीं दहा-पंधरा मैलांच्या आंतच चालतें. त्याला चारशें-पांचशें सी. सी.चें यंत्र पुरून उरतें.

यंत्राच्या पोटांत

येथें घरच्या मंडळींनीं समजून घेण्यासारख्या चार गोष्टी सांगतों.

पहिली, थंडाव्याची. हवेनें थंड होणारें यंत्र साधें व स्वस्त. परंतु भर उन्हाळ्यांत, ओझें लादून, बैलाच्या चालीनें तासन् तास चालवावयाचें तर अंगावरून वारा वाहत नाहीं आणि यंत्र तापतें. अशा मुलुखांत पाण्यानें थंड होणारें यंत्र व त्याचा पंखा असणें बरें.

दुसरी, शक्ति चाकांपर्यंत नेण्याची. बहुतेक गाड्यांत रबरी पट्ट्याची आपोआप बदलणारी योजना असते. ती शिकावयास सोपी. मात्र पट्टा झिजतो, पाण्यानें भिजला तर घसरतो, आणि उतारावर यंत्राचा रोध मिळण्याची निराळी सोय नसेल तर गाडी मोकळी सुटूं पाहते. दांत्यांच्या गिअरांची गाडी उतारावर स्वतःस धरून ठेवते, परंतु ती हांकण्याची संवय करावी लागते. डोंगराळ जमीन असेल त्यानें 'उतारावर यंत्र धरतें काय?' हा प्रश्न विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

तिसरी, मागच्या कण्याची. अखंड कणा ओझ्याखालीं दबत नाहीं, उतरणीवर कमी डुलतो आणि त्याची दुरुस्ती कमी खर्चाची. परंतु तो दगडावर आपटतो आणि बसणाऱ्याच्या पाठीस धक्के बसतात. दोन्ही चाकें स्वतंत्र हलणारी योजना खडकाळ वाटेवर सुखाची आणि जमिनीपासून उंच. पण तिचे सांधे अधिक, म्हणून झीजही अधिक. चारही चाकांस जोर मिळण्याची सोय चढावर आणि चिखलांत अवश्य हवी; कोरड्या सपाटीवर ती बंद ठेवावी, म्हणजे वळविणें हलकें जातें.

चौथी, टायरांची. ह्या गाड्यांच्या टायरांत हवा फार थोडी, क्वाडमध्यें बहुधा पांच ते सात पौंडच, असते. मोटारीचें दाबमापक येथें निरुपयोगी. कमी दाबाचें निराळें घ्यावें. दोन बाजूंचा दाब सारखा नसेल तर गाडी एकीकडे ओढते. मेस्कीटच्या झाडाचे कांटे ह्या टायरांचे वैरी, तेव्हां भोंक बुजविण्याचें सामान आणि हातपंप गाडींतच असावा. ह्याच मऊ टायरांमुळें ह्या गाड्या डांबरी रस्त्यासाठीं नाहींत. गुळगुळीत रस्त्यावर त्या वळतांना दगा देतात.

वजनाचें गणित आणि तो प्रसंग

आतां तो प्रसंग. शेजाऱ्यानें आपली क्वाड दोन दिवस वापरून पाहावयास दिली होती. निवडुंगावर औषध फवारावयाचें म्हणून पुतण्यानें मागच्या जाळीवर पंचवीस गॅलनांची टाकी बांधली. हिशेब पाहा : अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, पंचवीस गॅलनांचे ९५ लिटर, म्हणजे पाण्याचेंच वजन ९५ किलो, वर टाकी आणि पंप निराळा. अशा गाडीच्या मागच्या जाळीची मर्यादा बहुधा ८० ते ९० किलोंची असते. हा हिशेब गाडीवरच्या चिठ्ठींत लिहिलेला होता. तो आम्हीं वाचला, पण प्रसंग घडून गेल्यावर!

निम्मी टाकी रिकामी होईतों सर्व ठीक होतें. निम्मी टाकी हलकी म्हणून अधिक सुरक्षित, असें आपणांस वाटतें. परंतु अर्ध्या टाकींत पाणी हिंदकळतें, आणि ज्या बाजूस गाडी कलते त्याच बाजूस तें धांवतें. पुतण्या उतारावरून आडवा जात असतां वरच्या अंगाचें चाक एका दगडावर चढलें, पाणी खालच्या अंगास लोटलें, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत कलंडली. त्यानें वरच्या बाजूस उडी टाकली म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावलें. सुमारे तीनशें किलोंची ती गाडी दोन कोलांट्या खाऊन ओकच्या बुंध्याशीं थांबली. सूनबाई ओसरींत उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. बारा वर्षांचा नातू मात्र धांवत येऊन म्हणाला, "बाबा, आतां माझी पाळी ना?" त्या एका वाक्यानें आम्हां सर्वांची झोप उडाली.

त्या रात्रीं आम्हीं ह्या विषयावरची माहिती काढून वाचली. अमेरिकेंत रानांतल्या ह्या सर्व जातींच्या गाड्यांच्या अपघातांत दरवर्षीं शेंकड्यांनीं माणसें दगावतात आणि सुमारे एक लाख लोकांस रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत जावें लागतें. ऑस्ट्रेलियांत शेतावरील मृत्यूंचें क्वाड हें कित्येक वर्षें एक प्रमुख कारण ठरलें. म्हणून तेथील सरकारनें २०१९ सालीं नियम केले, आणि ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर चालकास दबण्यापासून वांचविणारी कमान असणें सक्तीचें झालें. शिवाय २८.८१ अंशांहून कमी आडव्या उतारावर ती दोन चाकांवर उचलली जातां कामा नये, अशी कसोटीही घातली. हें मान्य न होऊन कांहीं नामांकित कंपन्यांनीं त्या देशांत क्वाड विकण्याचें बंद करण्याचें ठरविलें. कमानीविषयीं मतभेद आहेत, हें खरें. परंतु अंगावर पडलेली तीनशें किलोंची गाडी एकट्या माणसाच्यानें उचलत नाहीं, ह्याविषयीं मतभेद नाहीं.

निवड

दुसऱ्या दिवशीं वही आणि हा हिशेब पुढें ठेवून घरांत बैठक झाली. क्वाडच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ होतें. ती स्वस्त, नवी चांगली क्वाड सहा ते नऊ हजार डॉलरांत मिळते, तर साइड-बाय-साइड दहा-बारा हजारांपासून पुढें वाटेल तेथवर जाते. ती चार फूट रुंद, कोठेंही शिरते. दुसरी पांच फूट रुंद, आणि तिच्यासाठीं दोन फाटकें मोठीं करावीं लागणार होतीं. ज्याला एकट्यानें गुरांमागें फिरावयाचें आहे, वाटा अरुंद आहेत आणि ओझें थोडें आहे, त्याच्यासाठीं क्वाडच योग्य, असें आमचें आजही मत आहे.

परंतु आमची वही निराळें सांगत होती. बहुतेक क्वाड एकाच माणसासाठीं असते. तिच्यावर चालकानें उतारानुसार पुढें-मागें सरकून आपल्या अंगानें तोल सांभाळावयाचा असतो. मागें दुसरें माणूस बसलें कीं तो तोल गेला. आणि आमच्या फेऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक फेऱ्या दोघांच्या! दोन माणसांचें काम एका माणसाच्या गाडीवर करावयाचें ठरविलें म्हणजे रोज नियम मोडण्याची तरतूदच आपण करून ठेवली. साइड-बाय-साइडमध्यें दोन आसनें, पट्टे आणि वरती लोखंडी पिंजरा असतो. मागच्या हौद्यांत दोनशें किलोंहून अधिक ओझें राहतें, आणि तें जाळीपेक्षां खालीं बसतें. अर्थात् तीही कलंडते. पट्टा न बांधतां बसणाऱ्यास तर पिंजराच घातक.

शेवटीं जुनी, मध्यम शक्तीची, दोन आसनांची साइड-बाय-साइड घेण्याचें ठरलें. जुनी घेतांना आम्हीं एक पथ्य पाळलें : यंत्र थंड असतांनाच पाहावयास जाणें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर सकाळीं तें सुरू होण्यास कुरकुरतें कीं काय, हें कळत नाहीं. प्रत्येक चाक उचलून हलवून पाहिलें. डुगडुगणारें चाक म्हणजे झिजलेले सांधे. तेल काढून पाहिलें. तें दुधासारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें. हवेची गाळणी उघडून पाहिली. जो गाळणी साफ ठेवीत नाहीं तो बाकीचें काय ठेवणार? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्या कंपनीचे सुटे भाग व दुरुस्ती जवळच्या गांवांत मिळतात ना, हें विचारून घेतलें. पंधरा गॅलनांची लहान टाकी घेतली, जी भरली तरी ५७ लिटरच होते. सुकें गवत तापलेल्या नळीवर सांचून पेटूं नये म्हणून रोज सायंकाळीं तें झाडून काढण्याचें काम नातवाकडे दिलें.

होय, नातवाकडे झाडण्याचेंच! अमेरिकेंत मोठी क्वाड चालविण्यास किमान सोळा वर्षांचें वय सांगितलें आहे, आणि साइड-बाय-साइडच्या चालकालाही कंपन्या तेंच सांगतात. शेजारीं बसणाऱ्याचे पाय जमिनीस नीट टेकले पाहिजेत, ही निराळी अट. नातू रुसला. तेव्हां पुतण्यानें त्याला जवळ घेऊन आपला खरचटलेला गुडघा दाखविला आणि म्हटलें, "हा मला वजनाचा हिशेब चुकल्याबद्दल मिळालेला शेरा आहे. तूं आधीं हिशेब शीक." त्या दिवसापासून गाडीची वही नातू लिहितो : किती तास चालली, तेल केव्हां बदललें, हौद्यांत किती ओझें होतें. परवा त्याचें पत्र आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, बाबांनीं एका फेरीस खाद्याचीं दहा पोतीं चढविलीं असतां त्यानें चिठ्ठी वाचून दोन उतरवावयास लाविलीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणास रँच घ्यावयाचा असेल वा नसेल. परंतु मुलाबाळांसाठीं यंत्र घेण्याचा प्रसंग प्रत्येक घरीं येतोच. त्या वेळीं दुकानदाराच्या शब्दाआधीं आपल्या कामाची वही उघडावी, आणि यंत्राच्या शक्तीआधीं त्याची मर्यादा वाचावी, एवढेंच ह्या निमित्तानें सुचवावेंसें वाटतें.